वाय उणे करायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

त्या शनिवारी रात्री साडेदहाला मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा तुमच्याकडे पाहुणे जेवायला होते, हे मला मागाहून कळलं. तुम्ही चकार शब्दाने बोलला नाहीत. नऊ आकड्यांच्या एका चौकटीपायी, म्हणजे मॅट्रिक्सपायी, पाऊण तास माझ्यासोबत डोकं लावत बसलात. फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणून ठेवून दिलं, ते मनाला लागून राहिलंय. पत्र उघड लिहितोय, कारण या खड्ड्यात पडणारा मी एकटाच नसणार.

इतरांसाठी प्रकार सांगतो. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरून (क्ष-किरणांच्या मोठ्या स्रोतावरून) आणलेली, लायसोझाइम या प्रथिनाच्या स्फटिकाची क्ष-किरण चित्रं मी एक्सडीएस या प्रोग्रॅममध्ये इंडेक्स केली होती, म्हणजे ठिपक्यांवरून स्फटिकाची दिशा काढली होती, आणि तीच दिशा मला मॉसफ्लम या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायची होती. माझ्या एक्सडीएस फाइलमध्ये किरण झेडच्या दिशेने आणि स्फटिक फिरण्याचा अक्ष एक्सवर. मॉसफ्लममध्ये किरण एक्सवर, अक्ष झेडवर. मी हुशारी केली: एक्स आणि झेडची अदलाबदल, वाय जिथल्या तिथे. प्रोग्रॅमने काढलेले ठिपके काही केल्या चित्रातल्या ठिपक्यांवर बसेनात. दोन दिवस बीम सेंटरच्या (किरण चित्रावर जिथे पडतो त्या बिंदूच्या) नावाने बोटं मोडली.

तुम्ही चित्र बघायच्या आधीच विचारलंत, “डिटरमिनंट किती येतोय?”

माझ्या अदलाबदलीच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट (तिच्या आकड्यांवरून निघणारी एक संख्या; नुसतं फिरवलं तर ती अधिक एक येते) होता उणे एक.

“मग तू स्फटिक फिरवलाच नाहीस रे, आरशात धरलास.” मग उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरून तुम्ही कॅमेऱ्यासमोर मनगट वळवून दाखवलंत: अंगठा आणि मधल्या बोटाच्या जागा बदलायच्या तर तर्जनी उलटी झाल्याशिवाय राहत नाही. मीही हात वर केला, तर माझ्या पडद्यावर माझाच उजवा हात डावा दिसत होता! (व्हिडिओ कॉलवर हा धडा घ्यावा की नाही, हा वेगळा प्रश्न.) वाय उणे केला. डिटरमिनंट अधिक एक. ठिपके बसले.

खरं तर तेवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण तुम्ही फाइलमधले आकडे वाचायला लावलेत. एक्सडीएस ए, बी, सी हे सेलचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेटीचे) खरे अक्ष अँगस्ट्रॉम या अणूंच्या मापाच्या एककात, एकेका ओळीत लिहितं. त्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स (व्यस्त) घेतला की रेसिप्रोकल अक्ष (ठिपक्यांच्या जाळीचे अक्ष, मॉसफ्लमला हेच लागतात) आपोआप स्तंभांत येतात, वर ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) करायचा नाही. मी करत होतो. मॉसफ्लमच्या फाइलमधले आकडे तरंगलांबीने गुणलेले असतात, आणि आमची तरंगलांबी ०.९८ अँगस्ट्रॉम, म्हणजे तो गुणाकार विसरला तरी चूक जेमतेम दोन टक्क्यांची. सेलची ७९ अँगस्ट्रॉमची बाजू ८०.६ दिसते आणि माणूस डिटेक्टरच्या अंतरावर खापर फोडतो. कॉपरच्या (लॅबमधल्या नेहमीच्या क्ष-किरणांच्या) १.५४ तरंगलांबीवर हीच चूक लपली नसती.

आणि तुमचा शेवटचा इशारा मला महिन्याभराने उपयोगी पडला. आमच्या प्रथिनाचे स्फटिक मोनोक्लिनिक (सेलचा एक कोन ९० नसलेले) निघाले, तो कोन, बीटा, १०४ अंश. एक्स-वाय-झेडच्या दिशा जुळवून घेतल्यावरही डायल्स या तिसऱ्या प्रोग्रॅमचा यू (स्फटिक कसा फिरलाय ते सांगणारी मॅट्रिक्स) आणि मॉसफ्लमचा यू यांच्यात बरोब्बर १४ अंशांचा फरक. आधी पोटात गोळा आला, मग तुमचं वाक्य आठवलं: “नुसत्या यूची तुलना करायची नाही, यू आणि बीचा गुणाकार बघायचा.” बी म्हणजे सेलचा आकार सांगणारी मॅट्रिक्स. ती लिहिताना मॉसफ्लम बुसिंग आणि लेव्ही या शास्त्रज्ञांच्या १९६७ च्या रीतीने ए-स्टार (ए चा रेसिप्रोकल अक्ष) एक्सवर ठेवतं, डायल्स ए ठेवतं, आणि या दोन अक्षांत अंतर तेवढंच: बीटामधून ९० गेले की १४ उरतात. लायसोझाइमचे तिन्ही कोन ९०, त्यामुळे तिथे हे कधी दिसलंच नसतं.

आता माझी स्क्रिप्ट डिटरमिनंट अधिक एक नसला तर पुढे सरकतच नाही. तिथे जो एरर येतो, त्यात मी तुमचंच वाक्य घातलंय: ‘आरशात धरलास.’ लॅबमधल्या नव्या मुलीला तो परवा आला. ती उजवा हात वर करून बराच वेळ बसली होती.

पाहुण्यांची माझ्या वतीने माफी मागा.

तुमचा,
रात्री साडेदहाचा विद्यार्थी