वॉरंटीत नोंदवलेली गळती, कुजलेला स्लाइड-आउट आणि नाकारलेली दुरुस्ती

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
ट्रेलर उत्पादक कंपनी, इंडियाना

विषय: २१ फुटी हायब्रिड ट्रेलरच्या स्लाइड-आउटची दुरुस्ती वॉरंटीखाली करून मिळण्याबाबत

महोदया,

सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बोलताना तुम्ही मूळच्या सांगलीच्या निघालात आणि म्हणालात, सगळं मराठीत सविस्तर लिहून पाठवा, फाइलला इंग्रजी टिपण मी जोडते. त्याप्रमाणे लिहितो आहे. आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराच्या, स्लाइड-आउटची (मुक्कामी बाजूला बाहेर सरकणाऱ्या डब्याची) जमीन पाणी मुरून कुजली आहे. गळती वॉरंटीच्या मुदतीत सुरू झाली, मुदतीतच आम्ही ती नोंदवली आणि तुमच्या अधिकृत डीलरने मुदतीतच ती दुरुस्त केल्याचं कागदावर लिहून दिलं. आता तुमच्या वॉरंटी विभागाने 'मालकाने देखभाल केलेली नाही' असं एका ओळीत कळवून हात वर केले आहेत. हा निर्णय मला अजिबात मान्य नाही.

आधी आम्ही ट्रेलर कसा वापरतो ते सांगतो, कारण ठपका आमच्या वापरावर ठेवला आहे. ट्रेलर एप्रिल २०२३ मध्ये घेतला. आमची एसयूव्ही ५,००० पौंडांपर्यंतच ओढू शकते, तेव्हा मोठ्या ट्रेलरचा प्रश्नच नव्हता. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून येणारे आई-बाबा. एवढ्या माणसांची सोय हलक्या ट्रेलरमध्ये करायची तर हायब्रिडच घ्यायला हवा: मधला भाग पक्क्या भिंतींचा, बाथरूम आत, आणि दोन्ही टोकांना बाहेर उघडणारे कॅनव्हासचे बिछाने. मुलं एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. आई-बाबांना त्या उंच बिछान्यांवर चढणं जमत नाही, म्हणून ते स्लाइड-आउटमधल्या डायनेटवर, म्हणजे जेवणाच्या टेबल-बाकांवर, झोपतात. टेबल खाली घेतलं, गाद्या जोडल्या की त्यांचा पलंग तयार.

म्हणजे आमच्यासाठी स्लाइड-आउट ही शोभेची गोष्ट नाही. तो आत असताना फ्रिजचं दार अर्धंच उघडतं आणि बाथरूमकडे अंग चोरून जावं लागतं. तो बाहेर सरकला की मधे चालायला जागा होते, आई ओट्याशी उभी राहून पोह्यांना फोडणी देऊ शकते आणि बाबांना तिला ओलांडून जाता येतं. तो बिघडला तर आई-बाबांना झोपायला जागाच राहत नाही, आणि तो बाहेर अडकला तर ट्रेलर रस्त्यावर नेताही येत नाही.

देखभालीचं म्हणाल तर तुमच्या माहितीपुस्तिकेत दर ९० दिवसांनी छताचं सीलंट (सांधे-फटी बुजवणारा लेप) तपासायला सांगितलं आहे, आणि ते आम्ही तपासतो. प्रत्येक वेळचे तारखेसह फोटो सोबत आहेत. पावसात कॅनव्हास ओला असताना बंद करावा लागला तर घरी पोचल्यावर ड्राइव्हवेवर उघडून कोरडा करतो. आमच्या एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) नियमांमुळे ट्रेलर घरासमोर फार काळ ठेवता येत नाही, तरी आधी परवानगी काढून हे करतो. स्लाइड आत घेण्याआधी त्याच्या छतावरचं पाणी आणि पाइनची पानं झाडून काढतो. दोन मोसमांनंतरही कॅनव्हासवर बुरशीचा एक ठिपका नाही. तुमच्या माणसाने येऊन पाहावं.

आता गळतीचं. जुलै २०२३ मध्ये लडिंग्टन स्टेट पार्कला होतो. रात्री लेक मिशिगनकडून जोराचा वारा-पाऊस आला आणि पहाटे आईची उशी ओली झाली होती. बाहेरून पाहिलं तर कारण उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. स्लाइडच्या चौकटीभोवती दोन प्रकारची रबरं असतात: स्लाइड पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर आला की दाबलं जाणारं पोकळ रबर, आणि सरकताना पाणी पुसून काढणारी पातळ पट्टी. कोपऱ्यात वरची पट्टी बाजूच्या पट्टीवर चढलेली असली पाहिजे, म्हणजे वरून आलेलं पाणी बाहेरच्या बाजूने खाली जातं. आमच्या ट्रेलरला मागच्या कोपऱ्यात वरची पट्टी आखूड कापलेली आहे. दोन्हींच्या मधे माझी करंगळी जाते. हे कारखान्यातलं काम आहे. ती पट्टी आम्ही बसवली नाही आणि कापलीही नाही.

डीलरकडे लगेच नेलं. वर्क ऑर्डरवर 'मागच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आत' असं लिहिलं आहे, आणि उपाय म्हणून 'सीलंट लावले'. पट्टी बदलली नाही. जिथे रबर सतत हलतं तिथे सीलंट टिकत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

त्यानंतर सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडवर निघायच्या वेळी स्लाइड आत येईना. पुढची बाजू आली, मागची रखडली, सगळा डबा तिरका होऊन अडकला. साइट सोडायची वेळ होत आली होती, पुढचं कुटुंब त्यांचा ट्रेलर घेऊन रस्त्यावर थांबलेलं. तुमच्या हेल्पलाइनवर सांगितल्याप्रमाणे कंट्रोलरचं बटण ठरावीक वेळा दाबून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी मोटारींच्या वायरी सोडवून आजूबाजूच्या साइटवरच्या माणसांनी स्लाइड हातांनी ढकलला. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांनीही खांदा लावला. मला ते बघवलं नाही.

ऑक्टोबरमध्ये डीलरने मागची मोटार वॉरंटीखाली बदलून दिली. माझा तुमच्या कंपनीला मुख्य प्रश्न इथे आहे. या प्रकारच्या स्लाइडला दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकेक छोटी मोटार असते आणि दातेरी पट्टीवरून दोन्ही एका वेगाने फिराव्या लागतात. एक बाजू जड झाली की ती मोटार मागे पडते आणि कंट्रोलर दोन्ही थांबवतो. मोटार मागे पडली ती मागच्याच बाजूची, जुलैमध्ये पाणी आलं ते मागच्याच कोपऱ्यातून. दोन्ही वर्क ऑर्डर एकाच सर्व्हिस डेस्कवर आहेत. तरी एकाही माणसाने खाली वाकून बघितलं नाही की ही बाजू जड का झाली. मोटारीचा पुरवठादार वेगळा, म्हणून मोटार त्याच्या खात्यावर बदलली आणि फाइल बंद केली.

हिवाळाभर ट्रेलर स्टोरेजमध्ये होता. मुरलेलं पाणी मिशिगनच्या थंडीत गोठतं, फुगतं आणि बोर्ड आणखी उकलतो. मे २०२४ मध्ये मोसमासाठी बाहेर काढला तेव्हा डायनेटच्या मागच्या पायाशी जमीन दबत होती आणि स्लाइडच्या पोटाला लावलेलं काळं प्लास्टिकचं आवरण खाली झोळ पडून लोंबत होतं. वॉरंटीचं एक वर्ष एप्रिलमध्ये संपलं होतं.

मी एका स्वतंत्र आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या वाहनांच्या) मेकॅनिकला बोलावलं. त्याने ट्रेलरखाली झोपून मागच्या कोपऱ्यातलं आवरण थोडं उचललं आणि टॉर्च मला दिला. आधी पाणी ठिबकलं, नंतर धार लागली. त्याआधी आठवडाभर पाऊस नव्हता. आतला बोर्ड लाकडाच्या चिपट्या दाबून केलेला, ओएसबी. त्याची कड उघडी, त्यावर रंगाचा हात नाही की सीलर नाही. चहात बुडवलेल्या खारीसारखा तो बोटाखाली सुटत होता आणि हात काळा होत होता. आवरणाची घडी कोपऱ्यात नीट दुमडण्याऐवजी कात्रीने छेद देऊन स्टेपल मारलेले, आणि तो छेद बरोबर चाकाच्या वर येतो. म्हणजे वरच्या फटीतून आलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरून बोर्डात जातं, ओल्या रस्त्यावर चाकाने उडवलेलं पाणी खालच्या छेदातून जातं, आणि जे आवरण पाणी बाहेर ठेवण्यासाठी लावलं तेच आता ते आत कोंडून ठेवतं. मेकॅनिकचा लेखी अहवाल, फोटो आणि ४,८०० डॉलरचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे.

वॉरंटी विभाग म्हणतो की सीलंटची देखभाल मालकाची. मान्य. पण ही जागा छतावर नाही. स्लाइडच्या पोटाखालचं आवरण सोडवल्याशिवाय ती कड दिसत नाही, आणि आवरण सोडवलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की मालकाने छेडछाड केली. तुमच्या माहितीपुस्तिकेत स्लाइडच्या खालच्या बोर्डाच्या देखभालीबद्दल एक वाक्यही नाही, मी ती पूर्ण वाचली आहे. शिवाय गळती पहिल्यांदा नोंदवली ती वॉरंटी संपायच्या नऊ महिने आधी. दुरुस्ती अपुरी केली तुमच्या अधिकृत डीलरने. तिचा परिणाम मुदतीनंतर डोळ्यांना दिसला म्हणून जबाबदारी आमच्यावर येत नाही. डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरला विचारा, आणि मोटारवाला म्हणतो आमची मोटार उत्तम चालते. ट्रेलरवर नाव मात्र एकट्या तुमच्या कंपनीचं आहे.

या उन्हाळ्यात आई-बाबा आले आणि परतही गेले. त्यांना मॅकिनॉ पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलाला, टाक्वामेनन धबधब्याला न्यायचं कबूल केलं होतं. साइटचं आरक्षण रद्द करावं लागलं. पुढच्या वर्षी आईला एवढा प्रवास झेपेल की नाही, कुणी सांगावं. हे नुकसान तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये भरता येत नाही, पण तुम्ही ते वाचावं म्हणून लिहिलं.

आणखी एक गोष्ट, या दुरुस्तीशी थेट संबंध नसलेली. तुमच्या माहितीपत्रकात हा ट्रेलर 'पक्क्या ट्रेलरसारखाच कुठेही' नेता येतो असं म्हटलं आहे. तसं नाही. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतींची वाहनंच चालतात, कॅनव्हासची टोकं असलेली नाहीत. विक्रीच्या वेळी हे कुणी सांगत नाही. ते वाक्य दुरुस्त करा. नाहीतर एखादं कुटुंब लहान मुलांना घेऊन इतक्या लांब जाईल आणि दारातून परत फिरेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. स्लाइड-आउटची संपूर्ण जमीन काढून नवीन घालावी, कुजलेल्या जागेवर ठिगळ नको. नव्या बोर्डाच्या सर्व कडा सील कराव्यात, आवरण छेद न देता दुमडावं आणि चाकाच्या वरच्या भागाला उडणाऱ्या पाण्यापासून जादा संरक्षण द्यावं. चारही कोपऱ्यांच्या रबरी पट्ट्या बदलाव्यात. काम झाल्यावर आत हवेचा दाब भरून बाहेरून साबणाचं पाणी मारून करतात ती गळतीची चाचणी माझ्यासमोर करावी. बुडबुडे आले तर ते दोघांनाही दिसतील. हे काम त्याच डीलरकडे नको, तुमच्या इंडियानातल्या कारखान्यात करा. ट्रेलर तिथवर ओढत न्यायला मी तयार आहे, पण त्याआधी स्लाइड प्रवासासाठी सुरक्षित आहे असं तुमच्या तंत्रज्ञाने लिहून द्यावं. बदललेल्या भागांवर कामाच्या तारखेपासून एक वर्षाची लेखी वॉरंटी हवी. मेकॅनिकचं तपासणी शुल्क आणि रद्द झालेल्या आरक्षणाचे पैसे परत हवेत, पावत्या सोबत आहेत.

बऱ्याच राज्यांतले लेमन कायदे, म्हणजे सदोष वाहन घेतलेल्या ग्राहकाला संरक्षण देणारे कायदे, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनांपुरते असतात आणि ट्रेलरला त्यांचा आधार मिळत नाही, हे मी जाणतो. पण तुम्ही दिलेल्या लेखी वॉरंटीला १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा लागू होतो, आणि ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाचा खर्च कंपनीकडून मिळण्याची तरतूद त्यात आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी मिशिगनच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करीन आणि वकिलामार्फत पुढे जाईन. तशी वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. ट्रेलरची मांडणी उत्तम आहे. एवढ्या कमी वजनात घरच्या सगळ्यांना एकत्र नेणारा दुसरा ट्रेलर मला मिळाला नव्हता, आणि आम्हाला तो विकायचा नाही, वापरायचा आहे.

पाहणीसाठी तंत्रज्ञ पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवा. ट्रेलर स्टोरेजमध्ये आहे आणि फाटकाची चावी माझ्याकडे असते. मोटारीच्या वायरी, कोपऱ्यातली पट्टी आणि खालचं आवरण मेकॅनिकने पाहिलं त्याच स्थितीत ठेवलं आहे, कुणीही हात लावलेला नाही.

आपला,
एक ग्राहक
नोव्हाय, मिशिगन
ऑगस्ट २०२४