बाटली टेबलावरून वाळूत

महोदय,

दापोलीत कृषी विद्यापीठाजवळची एक जुनी खानावळ-कम-परमिट रूम महिनाअखेरीस बंद होतेय, ही चार ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली. दोनच दिवसांनी याच सदरात एका वाचकाने 'बरं झालं, पोरांच्या मागची पीडा टळली' असं लिहिलं. त्यांच्या काळजीबद्दल शंका नाही. पण ते तिथे कधी बसले नसावेत. मी बसलोय.

मी मूळचा मराठवाड्यातला. एम.एस्सी.ला नंबर दापोलीत लागला. पहिल्याच संध्याकाळी तिथे बांगड्याचं ताट मागवलं. सोबतच्या वाटीतलं गुलाबी पाणी सरबत समजून एका दमात प्यायलो आणि लसूण-मिरचीचा असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. गल्ल्यावरचे काका हसले नाहीत. उठून भाताची मूद वाढली आणि म्हणाले, "मेल्या, सोलकढी भातावर घे, मग पी." त्या दिवसापासून ती खानावळ आमची झाली.

काकांचे नियम कडक होते. कायद्याने बियरला एकवीस आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. ते ओळखपत्रावरची जन्मतारीख बोट ठेवून वाचायचे आणि मनातल्या मनात हिशेब करायचे. परीक्षेच्या आठवड्यात तर पंचविशीतल्यालाही 'संपली' म्हणून सांगत. मागे फळीवर बाटल्या दिसत असायच्या, पण वाद घालायची कुणाची छाती नव्हती. जुलैत भातलावणीच्या प्रात्यक्षिकावरून आलेल्यांना आधी बाहेरचा नळ, मग बाकडं. कुणी जास्त घेतलीच, तर एक पोऱ्या हॉस्टेलच्या गेटपर्यंत सोबत जायचा. सगळेच शहाणे होते असं मी म्हणत नाही. माझ्याच बॅचच्या एकाचं एक वर्ष वाया गेलं. पण त्याच्या घरी पहिला फोन गेला तो काकांचा.

आणि तिथे काय बोललं जायचं म्हणाल, तर बहुतेक वेळा आंबा. विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला. त्याच्यात साका, म्हणजे हापूसच्या गरात होणारा पांढरट स्पंजासारखा दोष, होत नाही, यावर आम्ही बाहेरून आलेले खूश. खिडकीजवळचे देवगड-राजापूरचे बागायतदारांचे मुलगे मात्र एकच विचारायचे, "साका नाय, पण वास खंय?" मग कुणीतरी 'सिंधू' या दुसऱ्या संकरित आंब्याच्या पातळ कोयीचा विषय काढायचं आणि जेवण गार व्हायचं. वर्गात शिकलेलं अर्धं मला त्या भांडणांमुळे पाठ झालं.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळात पत्रे उडाले, तेव्हाही काका डगमगले नाहीत. दोन महिन्यांत नवे घातले. आता मात्र त्यांनी हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवली. परमिट रूममध्ये बसून प्यायच्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं आणि त्याच जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करायचं ठरलं. त्या वर्षी १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवून झाले. काकांनीही शटर ओढलं होतं. उपयोग किती झाला, ते दिसतंच आहे.

मला बोचते ती यातली एक गोष्ट. टेबलावरचा तो व्हॅट वाईन शॉपला नाही. म्हणजे तीच बाटली काउंटरवरून उचलली तर स्वस्त आणि खुर्चीत बसून घेतली तर महाग. विद्यावेतनावर जगणारा पोरगा काय करेल? बाटली घेईल, दुचाकी काढेल आणि मुरूड नाहीतर कर्द्याच्या किनाऱ्यावर जाईल. तिथे जन्मतारीख कोण वाचणार? परत येताना अंधार, वळणं आणि पावसाळ्यात निसरडा रस्ता. सकाळी फिरायला गेलात तर वाळूत फुटक्या काचा सापडतात. शेजारच्या आंजर्ल्याला आपण कासवांची पिल्लं बघायला मुलांना घेऊन जातो आणि इकडे ही वाळू.

दारू वाईट, हे त्या वाचकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण बंद होतंय ते दुकान नव्हे, कुणाचं तरी लक्ष असलेलं एक ठिकाण. बाटली कुठेच गेलेली नाही. सरकारने पंचतारांकित हॉटेलचा विचार जरूर वेगळा करावा, तसा जेवण वाढणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या सहा टेबलांच्या खानावळीचाही करावा. निदान टेबल आणि काउंटर यांतली ती दहा टक्क्यांची उलटी गंमत तरी काढून टाकावी.

काकांचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे, तो परत येणार नाही. जागेवर पर्यटकांसाठी खोल्या होतील असं ऐकतो.

शेवटी जुन्या विद्यार्थ्यांसाठी एक निरोप, जागा असेल तर छापावा. काकांची उधारीची लाल वही अजून गल्ल्यात आहे. माझ्या नावावर एकशेऐंशी रुपये निघाले, दोन सुरमई आणि एक बियर. ते स्वतःहून कुणाकडे मागणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत दुपारी बारा ते तीन ते तिथेच भेटतात.

आपला,
एक माजी विद्यार्थी, दापोली