विसार देण्याआधी

कराड,
रविवार

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले ट्रेलरचे फोटो बाबांनी दोनदा पाहिले, मी चारदा. २०२० ची, अठरा चाकी, ४५.५ टनी, बीएस सहा. मालक २३ लाख म्हणतोय आणि तू विचारतोस, आपण किती म्हणायचं? फोटोवरून आकडा सांगायची माझी छाती होत नाही. एवढी वर्षं बाबा गाडीखाली शिरायचे आणि मी बाहेर वही घेऊन उभी राहायचे. ते काय काय सांगतील ते लिहून घ्यायचं, समोर रुपये मांडायचे आणि मग मालकाशी बोलायचं. तूही तसंच कर. मिस्त्री आपला ने, मालकाच्या ओळखीचा नको.

कळंबोलीला सकाळी लवकर पोच. केबिन टिल्ट करायला लाव आणि आधी इंजिनला हात लावून बघ. गरम लागलं तर आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय असं समज आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन कसं उचलतं ते ऐकायचंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघड. तिथून भकाभका धूर यायला लागला तर रिंगा-लायनर गेलेत, मग पुढचं बोलणंच वेगळं. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकीही बघ. ती कोरडी असून मीटरवर दिवा लागत नसेल तर सिस्टीम बायपास केलेली असते. आणि चालवून बघायची ती भरलेली. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते.

चासीबद्दल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबद्दल, मात्र सविस्तर सांगते. ही गाडी स्टील मार्केटची, कॉइल, म्हणजे पत्र्याची जड गुंडाळी, वाहिलेली असणार. कॉइलचं सगळं वजन थोड्या जागेत बसतं, त्यामुळे ट्रेलरचे गर्डर तिथेच थकतात. २००३ साली आपण एक गाडी बघायला गेलो होतो. वरून खालून काळा रंग, अगदी नवीन. बाबा आडवे पडून टॉर्च मारत होते. एका जागी त्यांनी नखाने रंग खरवडला, तर पापुद्रा निघाला आणि खाली वेल्डिंगचे मणी दिसले. वीतभर लांब पट्टी मारलेली. मालक आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "ती जुनी आहे हो." जुनी होती तर रंग नवा कशाला? ती गाडी आपण सोडली. तेव्हा खाली बघ, वासही घे. ताज्या रंगाचा वास लपत नाही. घोड्याचा (पुढच्या इंजिनवाल्या भागाचा) आणि ट्रेलरचा, दोन्हींचे चासी नंबर कागदावर पेन्सिल घासून उठवून घे आणि कागदपत्रांशी ताडून बघ.

आता हिशोब. तू म्हणालास, शेजारच्या यार्डातली तशीच गाडी २१ लाख २५ हजारांना गेली, टायर बरे होते आणि विमा आठ महिने बाकी होता. हा आपला पाया, कारण हा झालेला सौदा आहे, नुसता मागितलेला भाव नाही. या गाडीचे ७ टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, दिसतात. मागच्या खेपेला आपल्याला नवा रेडियल २२ हजारांना पडला, म्हणजे सातांचे १ लाख ५४ हजार. पण रिमोल्डही काही महिने चालतातच, तेव्हा पूर्ण रक्कम कापणं बरोबर नाही, लाख धर. क्लचचे मिस्त्रीने सांगितलेले ४० हजार. विमा संपत आलाय. चाळीस टनांवरच्या गाडीला २०२२ च्या दराने नुसती थर्ड पार्टीच ४४,२४२ रुपये, त्यातले आठ महिन्यांचे ३० हजार. एकूण १ लाख ७० हजार, ते २१ लाख २५ हजारांतून गेले की उरतात १९ लाख ५५ हजार. म्हणून १९ पासून बोल, साडेएकोणीसला हो म्हण. गाडीखाली आणखी काही सापडलं तर तेही यातून जाईल.

तो नव्या गाडीच्या किमतीची भीती घालेल. त्याला सांग, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्याचाही भाव उतरायला हवा. आणि २०२८ ला गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी करावं लागेल, हेही बोल.

आरसीवर फायनान्सचा बोजा आहे. बाकी किती ते फायनान्स कंपनीच्या लेटरहेडवर घे आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भर, मालकाच्या हातात नको. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आणि बोजा उतरवायचा ३५ सह्यांसकट हातात आल्यावरच उरलेले पैसे. ई-चलनंही बघून घे. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर २०२४ पासून कॅमेरे आहेत, घाटातली दोन-चार तरी निघतील. ती त्याने भरायची.

हे सगळं विसार देण्याआधी बोलायचं, सागर. २००९ ला आपण दहा चाकी विकली तेव्हा तू शाळेत होतास. घेणाऱ्याने ११ हजार विसार दिला, भाव ठरला, हातात हात दिला. आठव्या दिवशी गाडी न्यायला आला आणि म्हणाला, ४० हजार कमी देतो. आपला हप्ता दोन दिवसांवर होता हे त्याला कुठून तरी कळलं होतं. बाबांनी काही न बोलता डॅशबोर्डवरचा जोतिबाचा फोटो काढला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि चावी दिली. ते ४० हजार वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता. आज तुझ्यासमोरच्या माणसाचेही तीन हप्ते थकलेत असं तूच लिहिलंस. त्याच्या टायरचे पैसे काप, क्लचचे काप. थकलेल्या हप्त्यांचा एक रुपयाही कापायचा नाही. एकदा विसार दिलास की ठरलेला आकडा तोच.

बुधवारी जाताना फोन कर. बाबा म्हणतायत, गाडीखालून व्हिडिओ कॉल लाव, मी बघतो.

तुझी,
आई