चेवेदालेच्या गाईडकाकांना

प्रिय गाईडकाका,

तुम्हांला मराठी वाचता येत नाही. तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे, आणि त्याला कारण तुम्हीच आहात.

इटलीतल्या आल्प्समधल्या सुल्डन गावाहून निघाले तेव्हा गाठीशी सह्याद्रीतली वीस वर्षांची भटकंती होती, पण हिमनदीवर पाऊल कधी टाकलं नव्हतं. कुठे 1646 मीटरचं कळसूबाई आणि कुठे 3769 मीटरचं माँते चेवेदाले! कासाती हटजवळ पहिल्या महायुद्धातल्या तीन तोफा अजून आहेत. तुम्ही तिथे बराच वेळ थांबलात. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीची फौज या बर्फात समोरासमोर होती, युद्धानंतर सुल्डनचा हा प्रदेश, दक्षिण टिरोल, इटलीकडे गेला, हे तुम्ही घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलंत. दोराला बांधलेल्या आम्हां दोघांशी इंग्रजी, दक्षिणेकडून आलेल्यांशी इटालियन, फोनवर घरी जर्मन. पायाखालची हिमनदी एकच, पण तुमची ती 'लांगनफर्नर' आणि त्यांची 'वेद्रेत्ता लुंगा'. अर्थ दोन्हींचा लांब हिमनदी.

तिच्यावरच पहाटे माझ्या पायाखालचा बर्फ खचला. मांडीपर्यंत भेगेत गेले. खाली पाय हलवला तर काहीच लागेना. दोर ताठ झाला. तुम्ही आईस ॲक्स रोवून मागे रेलला होतात. हलू नकोस, असं तुम्ही इंग्रजीत दोनदा सांगितलंत. मला इंग्रजी उत्तम कळतं, पण त्या क्षणी एक शब्द आत शिरेना. मग तुम्ही म्हणालात, तुझ्या भाषेत मोज. एक, दोन, तीन... मोठ्याने मोजत गेले. विसावर आले तेव्हा श्वास ताळ्यावर आला होता. मग तुम्ही सांगितलंत तशी पोटावर आडवी झाले, अंगाचं वजन पसरलं आणि सरपटत बाहेर आले.

ओरडला नाहीत, घाईही केली नाहीत. परत फिरायचं का, हे मात्र मलाच विचारलंत. त्याचे आभार वेगळे. माथ्यावर तुम्ही हात हातात घेऊन 'बेर्ग हाइल' हे गिर्यारोहकांचं जर्मन अभिवादन म्हणालात, तेव्हा मला रडू आलं आणि आभार मानायचे राहूनच गेले.

उतरताना माझी पावलं तुम्ही मोजत होतात, मराठीत. 'तीन'पर्यंत सुरेख जमायचं. 'चार' दर वेळी अडायचा आणि तुम्ही पुन्हा 'एक'पासून सुरू करायचात.

काका, मनापासून आभार.

तुमच्या दोरावरची मधली