पाळण्याच्या परवान्याला विम्याची अट हवी

मा. संपादक,

दिवाळी सरली की आपल्याकडे जत्रा-यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या मैदानांवर आकाशपाळणे, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन उभी राहू लागतात. त्यातून पडून कोणी जायबंदी झाले, तर उपचारांचा खर्च आणि भरपाई कोणाकडून मिळायची, हा प्रश्न मात्र अपघात झाल्यावरच विचारला जातो. तो परवानगी देतानाच विचारला जावा, यासाठी हे पत्र.

बहुतेक तिकिटांच्या मागे ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे, अपघातास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ अशा अर्थाच्या ओळी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्या वाचून अनेक जखमी आणि त्यांचे नातेवाईक आपला हक्कच संपला असे समजतात. तसे अजिबात नाही. कपडे हरवल्यास निम्मीच किंमत देऊ, ही लॉन्ड्रीच्या पावतीवरील अट मद्रास उच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरवली होती. दोन बाजूंच्या ताकदीत मोठी तफावत असताना दुबळ्या बाजूवर लादलेली अन्यायकारक अट टिकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये तर ‘सेवा’ या व्याख्येत करमणुकीचा थेट उल्लेख आहे. पाळणा सुरू असताना कोणी दांडी काढून उभा राहिला, तर त्याचा दोष जरूर मोजला जावा. पण सांधा निखळला किंवा वेल्डिंग तुटले, तर तिकिटावरची कोणतीही ओळ मालकाला वाचवू शकत नाही.

दोष सिद्ध करण्याचे ओझेही वाटते तितके जड नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली असे धरले की, नीट देखभाल केलेली वास्तू सहसा आपोआप कोसळत नाही. म्हणून निष्काळजीपणा झाला नाही, हे दाखवण्याची जबाबदारी मनोऱ्याची मालक असलेल्या महापालिकेवर येते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात 14 जुलै 2019 रोजी लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला आणि अनेक जण जखमी झाले. पाळण्यात बसलेल्या प्रवाशांनी अशा वेळी धातूच्या थकव्याचा, म्हणजे सततच्या ताणाने धातू कमकुवत झाल्याचा, पुरावा कुठून आणायचा? यंत्र ज्याच्या ताब्यात, देखभालीची नोंदवही ज्याच्या हातात, त्यानेच उत्तर दिले पाहिजे.

दाद मागणेही आता सोपे झाले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि शुल्क मोजलेल्या मोबदल्यावर ठरत असल्याने पन्नास-शंभर रुपयांच्या तिकिटासाठी ते भरावेच लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा व्हायलाच हवी, पण तिने रुग्णालयाचे बिल भरले जात नाही.

खरी अडचण वसुलीची आहे. मोठ्या उद्यानाकडे जमीन, इमारती, बँक खाते असते. जत्रेतला पाळणेवाला आज या गावात, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात असतो. आयोगाचा आदेश हातात पडेपर्यंत त्याचा पत्ताही बदललेला असतो. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडून भरपाई मिळेल, ही आशाही भाबडी आहे. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत 59 जण मरण पावले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली, म्हणजे 14 वर्षांनी, भरपाईचा भार चित्रपटगृहाचा परवानाधारक आणि वीज मंडळ यांच्यावर ठेवला आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला व महापालिकेला त्यातून मोकळे केले.

म्हणूनच विमा हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. साधी दुचाकी रस्त्यावर आणायची, तरी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार चूक कोणाची, हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा मात्र घातक पदार्थांच्या अपघातांपुरताच आहे. पाळणे त्यात बसत नाहीत. माणसांना तीस-चाळीस फूट उंच नेऊन फिरवणाऱ्या यंत्राला दुचाकीइतकीही सक्ती नसावी, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही.

विमा आला की तपासणीलाही अर्थ येईल, कारण पैसे द्यावे लागणारी कंपनी यंत्र पाहिल्याशिवाय पॉलिसी देणार नाही. भारतीय मानक ब्युरोने अशा खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस 15475 हे मानक 2004 सालीच काढले आहे. प्रत्यक्षात आमच्या भागातील एका यात्रेत मी जे पाहिले, ते असे: आकाशपाळण्याचे पाय ओल्या मातीत लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेले होते आणि दोन पाळण्यांच्या दांडीला पिनेऐवजी बांधकामाची बाइंडिंग तार पिळून बसवली होती. शेजारच्याच खांबावर ना हरकत दाखल्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होती. त्या पाळण्यांत लहान मुले बसत होती.

मैदानात पाळणा उभा राहण्यापूर्वी मालकाने चालू विमा पॉलिसी दाखवावी, त्यात चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या तातडीच्या रकमेची तरतूद असावी, आणि जागेचे भाडे घेणाऱ्या नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने वा देवस्थानाने पॉलिसीची प्रत स्वतःकडे ठेवावी. मालकाचे नाव, कायमचा पत्ता, विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक तिकीट खिडकीवर ठळक मराठीत लावलेला असावा. कायदा होईल तेव्हा होईल. परवानगीपत्रात या अटी घालण्याचे काम जिल्हा प्रशासनाने यंदाच्या हंगामापासूनच हाती घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कराड