आपली देणगी कुठे जाते

ती. आई व बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या आजारावरील संशोधनाला आपण दरमहा देतो त्या लहानशा रकमेचा, मोठमोठ्या औषध कंपन्या असताना, उपयोग काय, असे तुम्ही परवा विचारलेत. माझ्याच आजारपणामुळे तुम्ही ही देणगी सुरू केलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

१९४५ साली सिल्व्हिया लॉरी या तरुणीने, भावाला हाच आजार होता म्हणून, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोटी जाहिरात दिली: यातून बरे झालेले कोणी असल्यास कळवावे. पत्रे आली ती बहुतेक तिच्यासारख्याच उपाय शोधणाऱ्या कुटुंबांची. त्यातूनच १९४६ मध्ये अमेरिकेत या रुग्णांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या अनुदानांपैकी एक शास्त्रज्ञ एल्विन काबात यांना मिळाले. रुग्णांच्या मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गॅमा ग्लोब्युलिन हे प्रथिन वाढलेले असते, हे त्यांनी दाखवले. आई, माझ्या पाठीतले पाणी, म्हणजे हाच द्रव, तपासायला काढले तेव्हा तू दाराबाहेर बसून होतीस. त्या तपासणीचे मूळ या कामात आहे.

कंपन्यांनी या आजारावर उत्तम औषधे आणली, हे मान्यच आहे. मात्र पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाचा या आजारात उपयोग होतो का, हे तपासण्यात त्यांना फारसा नफा नसतो, आणि नेमकी तिथेच देणगीची गरज भासते. कोलेस्टेरॉलसाठी वर्षानुवर्षे दिले जाणारे सिमव्हास्टॅटिन आजाराची वाढ रोखेल का, हे ब्रिटनमध्ये ९५० हून अधिक रुग्णांवर तपासले गेले. त्याला सरकारी निधीसोबत धर्मादाय संस्थांचाही पैसा होता. २०२४ मध्ये उत्तर आले, ‘नाही’. मलाही वाईट वाटले, परंतु ते पैसे वाया गेले असे मी मानत नाही, कारण तो मार्ग आता कोणाला पुन्हा चाचपावा लागणार नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची चाचणी तिथेच सुरू झाली आहे.

एपस्टाइन-बार या सर्रास आढळणाऱ्या विषाणूच्या संसर्गानंतर हा आजार होण्याचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, हे २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसले, त्या अभ्यासालाही लॉरींच्या संस्थेचे साहाय्य होते.

तेव्हा बाबा, रक्कम वाढवू नका, पण बंदही करू नका. फक्त पुढच्या वेळी ती ‘संशोधनासाठी’ असल्याचे स्पष्ट लिहा.

तुमची लेक