फोटोच्या कडा विरवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

वाचनालयाच्या स्मरणिकेची पानं छापखान्यात गेली. जुन्या अध्यक्षांचे फोटो पानात असे मुरलेत की चौकोन कुठे संपला ते शोधावं लागतं. हे काम तुमच्यामुळे झालं, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण गावोगावी माझ्यासारखी हौशी माणसंच स्मरणिका लावत असतात. तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही हाती पडावं.

मी लॅपटॉपवर गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडून बसले होते, पण तुम्ही आधी कपाटातून काढलात एक काळा पुठ्ठा. मधोमध लंबगोल भोक आणि भोकाची कड करवतीसारखी कातरलेली. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राचं, म्हणजे एनलार्जरचं भिंग आणि फोटो उमटतो तो ब्रोमाइड पेपर यांच्यामध्ये तो धरायचा आणि उजेड चालू असेपर्यंत हलकेच हलवत राहायचा. चेहऱ्यावर पूर्ण उजेड पडतो, कडेला कमी कमी होत जातो, बाहेर पोचतच नाही, म्हणून तिथे कागद पांढरा राहतो. पुठ्ठा कागदापासून जितका उंच, तितकी कड मऊ. मग म्हणालात, "लेयर मास्क म्हणजे हाच पुठ्ठा." त्या एका वाक्यावर पुढचं सगळं सोपं झालं. मास्कवर पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करडं असेल तिथे अर्धवट. खोडरबराने कड पुसली तर फोटोच जातो. मास्क मात्र कधीही बदलता येतो, काढूनही टाकता येतो.

कृती म्हणाल तर छोटीच. एलिप्स सिलेक्टने चेहऱ्याभोवती लंबगोल घ्यायचा, सिलेक्ट मेन्यूतून फेदर द्यायचं, म्हणजे निवडीची कड मऊ करायची, लेयर मास्क जोडताना 'सिलेक्शन' हा पर्याय निवडायचा. खाली पानाच्या रंगाचा लेयर, म्हणजे थर ठेवला की कड विरलेली दिसते. एका अध्यक्षांच्या पागोट्याचा तुरा लंबगोलाबाहेर राहत होता. तो मास्कवर मऊ पांढरा ब्रश फिरवून परत आणला.

खरी मेख फेदरच्या आकड्यात होती. आकडा पिक्सेलमध्ये असतो, आणि पिक्सेल केवढा हे फोटोवर ठरतं. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत १०० पिक्सेल म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या ६०० पिक्सेल रुंदीच्या फोटोत तेच १०० पिक्सेल म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, कान गायब! म्हणून तुम्ही मूळ फोटो मागवायला लावलेत. अडीच इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की उंचीला १५०० पिक्सेल मिळतात, मग फेदरला जागा राहते. शिवाय फेदर रेषेच्या आतही पसरतं आणि बाहेरही. लंबगोल फोटोच्या काठाला टेकवला तर बाहेरचा उतार मध्येच तुटतो आणि एक फिकट सरळ रेघ उरते. पडद्यावर ती चटकन दिसत नाही, छापल्यावर दिसते.

मागचा पडदा गडद असलेले दोन फोटो आठवतात ना? क्रीम पानावर त्यांच्याभोवती मळकट वलय येत होतं. तुम्ही फेदर वाढवू दिलं नाहीत. आधी पार्श्वभूमी उजळ करायला लावलीत, आणि जिथे ती उजळेना तिथे पानच गडद करा म्हणालात. तुमच्या काळीही पांढऱ्यात विरणाऱ्या फोटोसाठी मागे फिकट पडदाच लावत, हे तेव्हा कळलं. छपाईबद्दलची सूचनाही मोलाची: ऑफसेट छपाईत फिकट छटा बारीक टिंबांनी बनते आणि अगदी बारीक टिंबं गळतात, म्हणून उतार फार लांबवू नये, नाहीतर मध्येच पायरी दिसते. फाइल पाठवताना जेपीजी नको, त्यात पारदर्शकता राहत नाही. छापखान्याच्या जुळणीसाठी पीएनजी आणि आपल्यापाशी गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल, हे मी आता कार्यकारिणीतल्या सगळ्यांना ऐकवते.

लग्नाच्या अल्बममधले बदामाच्या आकारात विरलेले नवरानवरी तुम्हाला मुळीच खपत नाहीत, हेही त्या दिवशी समजलं. मी तुमच्याच बाजूची आहे.

स्थापनेच्या वेळचा ग्रूप फोटो मात्र तुम्ही विरवू दिला नाहीत. "कडेला उभा असलेला माणूसही कुणाचा तरी आजोबा असतो," म्हणालात. तो पान ७ वर आहे, चारही काठ सरळ, एकही माणूस न कापता.

तुमची,
स्मरणिकेची जुळणी करणारी